छताची कड

आमच्या ह्यांना सगळे ओळंबा म्हणतात. खरं तर ओळंबा असतो गवंड्याचा, भिंत उभी सरळ चाललीय का ते बघायचा, आणि ह्यांचं नाव पडलं ते आडव्या रेघेवरून. पण नाव ठेवणाऱ्याला कोण विचारणार? कुठल्याशा मोठ्या घराचं रंगकाम चाललं होतं. तिथल्या गवंड्यानं ह्यांनी मारलेली कड बघितली, विश्वास बसेना म्हणून दोरी लावून तपासली, मग दोरी गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाला, "हा माणूस आहे का ओळंबा?" झालं. तेव्हापासून पोस्टमनसुद्धा ओळंब्याचं घर कुठलं, असं विचारतच गल्लीत येतो.

कड म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या कडेचंच आहे. खोलीचं छत असतं पांढरं आणि भिंत कुठल्यातरी रंगाची. दोन्ही जिथं भेटतात तिथं रेघ सरळ यायला हवी. ती जरा जरी हलली, तरी कितीही महागाचा रंग लावा, खोली गबाळी दिसते. बाकीचे रंगारी तिथं चिकटपट्टी लावतात, रंग मारतात आणि पट्टी ओढून काढतात. ह्यांनी जन्मात पट्टी लावली नाही. शिडीवर चढायचं, चपटा ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर निथळायचा, हात डोक्याच्या वर, मान मागे, आणि श्वास रोखून एका दमात हातभर रेघ ओढायची. शिडी सरकवायची, की पुन्हा हातभर. कुठं सुरू केली आणि कुठं जोडली, हे दाखवा म्हटलं तर त्यांना स्वतःलाही सापडायचं नाही. चिकटपट्टीला ते मलमपट्टी म्हणायचे. धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या दिरानं, पट्टीचं बंडल पिशवीतून काढलं की हे शिडीवरून विचारायचे, "काय रे, कुठं लागलं तुला?"

दीर ह्यांच्याच हाताखाली शिकला आणि ह्यांच्याबरोबरच काम करतो. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाला लगाम नाही. तसं माझंही तोंड तिखटच आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी नावं ठेवायला नको. माझा आणि ह्यांचा कायमचा वाद एकच. सगळ्या गावाची छतं ह्यांनी चकाचक केली आणि आमच्या घराचं छत मात्र आम्ही राहायला आलो तेव्हापासून तसंच. एका कोपऱ्यात ओल येऊन पिवळा डाग पडलेला, स्वयंपाकाच्या बाजूला धुरानं काळवंडलेलं. मी म्हणायची, "अहो, पाहुणे वर बघतात आणि मग माझ्याकडे बघतात." हे म्हणायचे, "होईल गं सवडीनं." ती सवड काही उगवायची नाही. भिंतींना फिकट निळा द्यायचा, हे मी नवी नवरी असताना ठरवलेलं, आणि ते त्यांनी लक्षातही ठेवलेलं होतं.

सुरुवात झाली ती करंगळीपासून. एकदा कामावरून आल्यावर हात धुता धुता म्हणाले, "माझी करंगळी झोपलीय बघ." मी म्हटलं, "घरात कुणीतरी झोपतंय वेळेवर, चांगलं आहे." हसलो आम्ही. मग करंगळीशेजारचं बोटही झोपायला लागलं. मग कोपरापासून खाली आतल्या बाजूनं ठणका यायला लागला. शिडीवर हात वर धरला, की थोड्या वेळात हात जड व्हायचा, गार पडायचा, पांढराफटक व्हायचा. खाली आणून झटकला की रंग परत यायचा. ते झटकायचे आणि पुन्हा वर करायचे. रंगाऱ्याचा हात वर जाणार नाही तर कुठं जाणार? मग एकदा ब्रश हातातून सुटला. मग घरी कप सुटला. कप फुटल्यावर मात्र मी म्हटलं, आता पुरे झालं, डॉक्टर.

इथं आमच्या ह्यांची एक खोड सांगायला हवी. तरुणपणी, अजून शिकाऊच होते, कामावर पायाला पत्रा लागला म्हणून तसेच एका दवाखान्यात गेले होते. बसायच्या जागी खुर्चीच्या हातावर ह्यांच्या हाताचा पांढरा पंजा उमटला. तिथल्या बाईनं भरल्या खोलीत ह्यांना उठवलं, फडकं हातात दिलं आणि पुसायला लावलं. पायातून रक्त येत होतं आणि हे खाली बसून खुर्ची पुसत होते. तेव्हापासून रंगाच्या कपड्यांत कुणाच्या खुर्चीला म्हणून शिवले नाहीत. लोकांच्या घरी काम करताना डबासुद्धा स्वतःची बादली उपडी घालून तिच्यावर बसून खायचे. मालक म्हणायचे, "अहो, बसा की सोफ्यावर." हे म्हणायचे, "नको, बादली बरी."

तर डॉक्टरकडे जायचं म्हणजे ह्यांची तयारी लग्नाला निघाल्यासारखी. आदल्या दिवशी काम बंद. टर्पेंटाइननं हात चोळायचे, नखांतला रंग काडीनं काढायचा, गरम पाण्यात हात बुडवून बसायचं, तेल लावायचं. पांढरा शर्ट. त्याला इस्त्री मी करायची, आणि कौतुकानं करायची, कारण त्या शर्टात माणूस दिसायचा रुबाबदार. असा दिवसभर विसावा घेतलेला, ऊन ऊन झालेला, गुलाबी हात घेऊन आम्ही डॉक्टरसमोर जाऊन बसायचो. आणि डॉक्टर तो हात टेबलावर ठेवून दाबून बघायचे. त्या हाताला काय धाड भरली होती? तो हात पाहुण्यासारखा गप्प बसून राहायचा.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी छातीचा कागद काढला, हृदयाचं काही असेल म्हणून. हृदय ठणठणीत. मग मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी मानेचा फोटो काढला आणि म्हणाले, मणके झिजलेत, वयाप्रमाणे. पट्टा दिला मानेला. पट्टा घालून छताकडे बघायचं कसं, हे मी विचारलं, तर ते म्हणाले, "बघू नका." हे म्हणाले, "पण डॉक्टर, मला शिडीवर असतानाच जास्त होतं." डॉक्टर म्हणाले, "मग शिडीवर चढू नका." किती सोपं! माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, की तुम्ही पण पेशंट बघू नका, डोकं दुखायचं थांबेल. पण हे माझा पदर ओढत होते, म्हणून गिळलं.

मग हातात सुया टोचून करंट सोडायची तपासणी झाली. मनगटाशी नस जरा दबल्यासारखी वाटते, असं निघालं. मनगटाचं ऑपरेशन झालं. टाके निघाले, हात बांधून घरी बसणं झालं, आणि पहिल्या दिवशी शिडीवर चढले तर हात तसाच गार, तसाच पांढरा. आम्ही पुन्हा आंघोळ करून, शर्ट घालून, त्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी व्रण बघितला आणि म्हणाले, "ऑपरेशन तर उत्तम झालंय." ऑपरेशन उत्तम झालं होतं हो, दुखणं तेवढं राहिलं होतं.

वर्षं गेली अशी. गोळ्या, मलमं, शेक, मालिश. ज्यानं जे सांगितलं ते केलं. दीर आधी काळजीनं विचारायचा, मग विचारेनासा झाला. एकदा चहा पिताना म्हणाला, "दादा, तुझा हात पण ना, हुशार आहे. काम निघालं की दुखतो, डॉक्टर दिसला की बरा होतो." चेष्टेत म्हणाला, पण ह्यांचा चेहरा उतरला. मी दिराला असं काही धारेवर धरलं, की चहा अर्धा टाकून गेला बिचारा.

शेवटी एका डॉक्टरनं सगळे कागद चाळून बाजूला ठेवले आणि हळू आवाजात विचारलं, "घरात काही ताण आहे का?" विचारलं ह्यांना आणि बघितलं माझ्याकडे. मी डॉक्टरांकडेच बोट करून म्हटलं, "आहे ना, हा इथं बसलाय." डॉक्टर कसनुसं हसले आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर मी रस्ताभर बडबडत होते. हे दोन पावलं पुढंच चालत होते. मला वाटलं, माझ्या बोलण्यामुळं रागावले. घराच्या पायऱ्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "अगं, खरंच माझ्या मनात असेल का?"

मी काय सांगू? ह्या माणसानं कधी आजारपणाची रजा घेतली नाही, तापातही शिडी चढली. आणि आता स्वतःच्याच हातावर त्याचा विश्वास उरला नव्हता. मी म्हटलं, "तुमच्या मनात काय आहे ते मला सगळं माहीत आहे, आणि त्यात हे नाही." ते मान हलवून आत गेले. पण त्या दिवसापासून ते हाताकडे बघायला लागले. बसल्या जागी उलटा करायचे, सुलटा करायचे, बोटं मिटायचे, उघडायचे. कुणी खोटं बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे बघावं तसं बघायचे.

त्यांना उजव्या हातानं नखं कापता येईनाशी झाली, तेव्हा मी कापून द्यायला लागले. एकदा कापता कापता माझ्या ध्यानात आलं, अंगठ्याच्या बुडाशी तळहाताला जो उंचवटा असतो ना, मांसाचा, तो ह्यांच्या उजव्या हाताला राहिलाच नव्हता. डाव्या हाताला होता. उजवीकडे खळगा. मी अंगठा फिरवून बघितला. हे म्हणाले, "हो, गेलाय तो. मी बघितलं होतं." मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?" म्हणाले, "कुणाला?"

तोवर कड त्यांनी दिराकडे दिली होती. स्वतः भिंती रोलरनं करायचे, भेगांत लांबी भरायचे, घासायचे, सगळं करायचे, पण कड दीर मारायचा, पट्टी लावून. एका घरच्या बाईंनी काम झाल्यावर वर बघून विचारलं, "मी तर ओळंब्याला बोलावलं होतं ना? मग ही कड कुणी मारली?" दिरानं घरी येऊन मला सांगितलं. तेव्हापासून त्यानं दादाची चेष्टा केली नाही.

आणि मग तो दिवस. डबा घरी विसरून गेले होते म्हणून मी कामाच्या ठिकाणी घेऊन गेले. रिकामं घर होतं, जिना चढून वर गेले. दीर रंग आणायला गेलेला. आतल्या खोलीत हे एकटेच शिडीवर. दरवाज्यातून मी बघितलं. उजव्या हातात ब्रश धरला होता आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट पकडलं होतं. कुणी बघत नाही असं बघून कड मारायचा प्रयत्न चालला होता. हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढरा, छतात आणि हातात फरक कळेना. ब्रश थरथरत चालला होता, रेघ नुसती नागमोडी. ओठ दाताखाली दाबलेले. मग ब्रश सुटला, भिंतीवरून घसरत खाली आला, आणि त्याला धरायला गेले ते शिडीसकट झुकले. मी डबा टाकला आणि शिडीला मिठी मारली. भाजी सगळी जमिनीवर.

"उतरा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता उतरा. आणि चला."

"कुठं?"

"मोठ्या दवाखान्यात."

"अगं, अशा अवतारात? कपडे बघ माझे. उद्या जाऊ, आज काम आटोपतो, आंघोळ..."

"डॉक्टरला हात दाखवायचाय, मुलगी बघायला नाही जायचंय. आहे तसे चला, नाहीतर मी इथंच बसते भाजीत."

माझा राग त्यांना माहीत आहे. निघाले. रस्ताभर उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरून चालत होते. केसांवर चुना, शर्टावर प्रायमरचे थेंब, चपलांना रंग. दवाखान्यात बसायला खुर्च्या मोकळ्या होत्या, पण हे बसले नाहीत. भिंतीपासूनही वीतभर लांब उभे राहिले. लोक बघत होते, आणि मी एकेकाकडे असं बघत होते की ते मान वळवत होते.

आत एक डॉक्टरीण बाई होत्या. दमलेल्या, केस विस्कटलेले, टेबलावर गार झालेला चहा. म्हणाल्या, "बसा." हे म्हणाले, "नको, खुर्चीला लागेल." त्या म्हणाल्या, "लागू दे हो, खुर्ची माझी नाही." हे खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. बाईंनी हात हातात घेतला आणि एकदम वर बघितलं. "एवढा गार का आहे? काय करत होता?"

"छताला रंग मारत होतो."

"दाखवा. कसा धरता हात?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं. ह्यांनी दोन्ही हात वर केले, शिडीवर करतात तसे. बाईंनी उजव्या मनगटाची नाडी धरली आणि म्हणाल्या, आता मुठी उघडा, मिटा, उघडा, मिटा, थांबू नका. डावा हात चालत राहिला. उजवा बघता बघता पांढरा पडला, बोटं अर्धवट मिटायला लागली, आणि मग तो हात आपोआप खाली आला, ह्यांनी न आणता. बाई म्हणाल्या, "वर असताना नाडी लागतच नव्हती." मग त्यांनी अंगठ्याखालचा खळगा बघितला आणि बराच वेळ तिथं बोट ठेवून बसल्या.

"याआधी कुणाला दाखवलं नाहीत?"

मी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढायला लागले. मला आता बोलायचं होतं, सगळ्यांचं एकदा काढायचं होतं. पण हेच बोलले. "दाखवलं होतं. पण तेव्हा हात बरा असायचा. आम्ही काम बंद ठेवून, आंघोळ वगैरे करून यायचो ना."

"काम बंद ठेवून का?"

"असे रंगाचे कपडे घेऊन दवाखान्यात कसं यायचं?" हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघत राहिले आणि मला एकदम ते सगळे पांढरे शर्ट दिसले, एकामागून एक, इस्त्री केलेले.

मग नवा फोटो निघाला. बाईंनी तो उजेडासमोर धरून समजावून सांगितलं. मान आणि खांदा यांच्यामध्ये एक चिंचोळी वाट असते, हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या तिथून जातात. ह्यांना त्या वाटेत एक जास्तीची बरगडी होती, बोटाच्या पेराएवढी, जन्मापासून. हात वर केला की वाट बंद, आत सगळं चेंगरायचं. नाव सांगितलं, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. मी म्हटलं, "मग मानेच्या त्या फोटोत नाही का दिसली?" त्या म्हणाल्या, "बघणाऱ्यानं मणके बघितले, आणि मणके खरंच झिजलेत. शेजारी बघायचं राहून गेलं."

ह्यांनी फोटोकडे बघत विचारलं, "म्हणजे मनात नाही ना?"

"काय?"

"माझ्या मनात नाही ना हे? खरं आहे ना?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "हे बघा, हाड आहे."

आणि आमचे हे रडले. त्या खुर्चीत, चुन्याच्या केसांनी, हमसून हमसून. आजार निघाला म्हणून आनंदानं रडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "जन्मापासूनची म्हणजे घरचीच की. एवढे दिवस आश्रित म्हणून राहिली." बाई हसल्या. पण मग गंभीर होऊन म्हणाल्या, "ऑपरेशन करून ती काढू. दुखणं जाईल, हात गार पडणार नाही. पण हे अंगठ्याजवळचे स्नायू वाळलेत. ते परत येतीलच असं मी सांगणार नाही. थोडं आधी..." आणि तिथंच थांबल्या. ह्यांनी मान हलवली. त्यांना तेव्हा ते नीट ऐकूच आलं नसावं. घरी येईपर्यंत ते आजाराचं नाव घोकत होते. गल्लीत जो भेटेल त्याला थांबवून सांगत होते. दिराला तर तीनतीनदा म्हणायला लावलं.

ऑपरेशनला नेताना ह्यांना चाकांच्या गाडीवर आडवं घातलं होतं. मी बाजूनं चालत होते, जीव मुठीत धरून. आणि हे वर बघत होते. "ही कड बघ," म्हणाले, "झोपेत मारलीय मेल्यानं." पुढच्या वळणावर म्हणाले, "इथं पट्टी लावली होती, पण ओली असतानाच ओढली, बघ कशी सोललीय." मी म्हटलं, "अहो, देवाचं नाव घ्या." म्हणाले, "घेतो, पण आधी हे कुणी केलंय त्याचं नाव घेऊ दे." दारापाशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बाहेर आलो की आपलं छत करतो. आता सवड आहेच." दार बंद झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. ठणका गेला. हात ऊबदार, गुलाबी. सांगितलेला व्यायाम चुकवला नाही, मऊ चेंडू दाबत दिवसभर घरात फिरायचे. डॉक्टरीण बाईंनी हो म्हटल्यावर एका सकाळी खाट अंगणात नेली, जमिनीवर जुन्या चादरी पसरल्या. डाग खरवडले, लांबी भरली. छत दिरानं रोलरनं पांढरं केलं. भिंतींना फिकट निळा. माझी तर सारखी आत-बाहेर लगबग, नव्या नवरीसारखी. कड राहिली तेव्हा ह्यांनी दिराला म्हटलं, "तू जा आता. संध्याकाळी ये बघायला."

दीर गेला. मी शिडी धरली. हे वर चढले. ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निथळला, हात वर केला. मी खालून विचारलं, "दुखतंय?"

"नाही गं," ते म्हणाले. "काहीच नाही." आवाजात असा आनंद की माझे डोळे भरून आले.

रेघ निघाली. सुरुवातीला सरळ, अगदी ह्यांची. मग ब्रश बोटांत फिरला. अंगठा त्याला धरूनच ठेवेना. निळी शेपटी वर पांढऱ्यात गेली. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली आणि पुन्हा धरली. पुन्हा फिरला. ब्रश बदलला. मुठीत धरून बघितला. डाव्या हातानं बघितलं. मी शिडी धरून खाली बघत होते, वर बघायची माझी हिंमत नव्हती. नुसते आवाज येत होते, ब्रशचा, मग फडक्याचा, मग ब्रशचा. मग काहीच येईना.

मी मान वर केली. हे छताला डावा पंजा टेकवून उभे होते. म्हणाले, "दुकानातून चिकटपट्टी घेऊन ये."

"अहो, कशाला? वाकडी तर वाकडी. आपलंच घर आहे, कोण बघतंय?"

"मी बघणार आहे ना," ते म्हणाले.

मी गेले. रंगाचा दुकानदार जुना, ह्यांना ओळखणारा. पट्टी मागितली तर म्हणाला, "वहिनी, ही कुणाला? ओळंबा तर हात लावत नाही पट्टीला." मी म्हटलं, "मला हवीय, डबे बंद करायला." घरी आले. त्यांना अंगठ्यानं पट्टी फाडता येईना, म्हणून मी दातानं तोडून देत होते आणि ते चिकटवत होते. चारही भिंती झाल्या. रंग मारला, जरा वाळू दिला, आणि त्यांनी पट्टी ओढून काढली. रेघ सरळ आली. अगदी सरळ.

संध्याकाळी दीर आला. दारातच थांबला, वर बघितलं, चारी कोपऱ्यांत नजर फिरवली आणि ओरडलाच, "दादा! आला की रे हात! वहिनी, बघितलंत? हा ओळंबा आमचा!" पुढं होऊन त्यानं ह्यांना मिठी मारली. दोन्ही डोळ्यांतून पाणी.

ह्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. मला वाटलं, आता गप्प राहतील. राहावं, असं माझ्या मनात होतं. एकदा खोटं बोलावं माणसानं, कुणाचं काय बिघडतंय?

"मलमपट्टी आहे रे ती," हे म्हणाले. "मला लागलंय."

दिरानं हात सोडले. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

आता आमचं घर गल्लीत सगळ्यांत छान दिसतं. पाहुणे वर बघतात आणि वा वा करतात. ज्या छतासाठी मी संसारभर भांडले, त्याच्याकडे मला बघवत नाही. हे बघतात. दुपारी जेवण झालं की खाटेवर आडवे होतात, तो बरा झालेला ऊबदार हात पोटावर ठेवतात आणि कडेकडे बघत पडून राहतात. मी म्हणते, "झोपा जरा." ते म्हणतात, "झोपतो. जरा बघू दे."